पोटाचा मुहूर्त

सिस्टरबाई माणूस भेटला की नमस्कार करत नसत, त्याचं पोट विचारत. "कसे आहात" हा प्रश्न त्यांना मोघम वाटे. मोघम प्रश्नाला लोक "बरा आहे" असं मोघमच उत्तर देतात आणि त्यातून हाती काही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सीपरी बाजारात भर गर्दीत त्यांना आपला दूधवाला दिसला की रस्त्याच्या पलीकडून हाक जायची, "काए भैया, पेट साफ भओ?" आणि तो बिचारा सायकल थांबवून खालमानेने सांगायचा, "हओ जिज्जी, आज तौ भओ." मगच त्याला पुढे जायची परवानगी असे.

माझी त्यांची गाठ पडली ती मात्र बाजारात नाही. मी झाशीतल्या एका इंटर कॉलेजात गणित शिकवत होतो. आमच्या गल्लीत नुकते टीव्ही आले होते, आणि चित्र नीट दिसेना म्हणून एका रविवारी मी अँटेना फिरवायला गच्चीवर चढलो. खालून धाकटी बहीण ओरडून सांगत होती, "आलं, आलं दादा... गेलं!" चित्र गेलं आणि पाठोपाठ मीही गेलो. ज्या कठड्याला टेकून उभा होतो तो जुना होता, एवढंच त्याचं कारण. शुद्धीवर आलो तेव्हा बेंबीखालचं शरीर माझं राहिलं नव्हतं.

पाय गेल्याचं दुःख सगळ्यांना समजतं. भेटायला येणारे माझ्या पायांकडे बघून डोळे पुसायचे आणि जाताना संत्री ठेवून जायचे. पण मणका मोडलेल्या माणसाचा खरा धसका पायांचा नसतो, हे त्यांना कोण सांगणार? आपलं पोट कधी हलेल ते त्याला कळत नाही. हललं, तेही कळत नाही. ते आधी शेजारच्याच्या नाकाला कळतं आणि मग शेजारचा तोंड फिरवतो. मी मिशा राखलेला, वर्गात नुसता आलो तरी पोरं गप्प बसावीत असा मास्तर. संत्र्यांकडे बघून मला घाम फुटायचा. खाल्लं की बाहेर येणार, आणि कधी येणार ते देवालाही सांगता येणार नाही.

देवाला नाही, पण बाईंना सांगता यायचं.

इस्पितळाच्या वॉर्डात आल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी मला गरम चहा पाजला आणि उशाशी उभ्या राहून मनगटावरच्या घड्याळात बघत बसल्या. म्हणजे उभ्याच राहिल्या. बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. "वरून गरम आत गेलं की खालच्याला निरोप जातो," त्या म्हणाल्या. "निरोप न्यायची तार तुझी तुटली आहे ती डोक्याकडची. पोटाची पोटातल्या पोटात तार आहे ना शाबूत. तिच्यावर आपण काम चालवायचं." मग त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, हातमोजा चढवला आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट करायला घेतली. खालून पोट हलवायच्या औषधाची बत्ती ठेवली, थोडा वेळ थांबल्या, मग तेल लावलेल्या बोटाने हळूहळू गोल फिरवत पोटाला आठवण करून देऊ लागल्या. मी उशीत तोंड खुपसलं होतं.

"गणिताचा मास्तर ना रे तू?" मागून आवाज आला. "दिडकी येते?"

मी म्हटलं, "काय?"

"दिडकी रे. पावकी, निमकी, दिडकी. माझे आजेसासरे गुरसराय संस्थानच्या दफ्तरात होते, त्यांना औटकीसुद्धा पाठ होती. तुम्हा आजकालच्या मास्तरांना काही येत नाही. म्हण बघू माझ्यामागून. एक दिडं दीड."

उशीत तोंड ठेवून मी दीडाचा पाढा म्हटला. तो संपला तेव्हा काम झालेलं होतं, अंथरूण स्वच्छ होतं आणि बाई हात धूत होत्या.

हे त्यांचं सगळ्यांशीच होतं. हात एक काम करताहेत तोवर तोंडाने दुसरं काम करावं, नाहीतर पडलेला माणूस शरमेने मरतो, असं त्या मानत. प्रत्येकाचा त्यांनी विषय ठरवला होता. बबीन्याच्या छावणीतून आलेला एक जाट सुभेदार होता, त्याला त्या मेतकूट शिकवत. रोज थोडं थोडं. आज हरभऱ्याची डाळ किती भाजायची, उद्या उडदाची, परवा सुंठ. त्या सुभेदाराने जन्मात मेतकूट पाहिलं नव्हतं. पण घरी जाताना तो मला म्हणाला, "मास्टरजी, भात के साथ खाते हैं ना इसको?" मी हो म्हटल्यावर त्याचा चेहरा असा फुलला की जणू एखादी परीक्षा पास झाला.

वॉर्डात काही शब्दांना बंदी होती. "छी" म्हणायचं नाही. "गंदगी" म्हणायचं नाही. नाकाला पदर किंवा रुमाल लावायचा नाही, मग तो कुणाचा मेहुणा असो की कुणी साहेब. जे काही असेल त्याला एकच शब्द, काम. "काम हो गओ?" "आधा बाकी है, जिज्जी." एखाद्या नवख्या नातेवाइकाला वाटावं की इथे सगळे कुठल्यातरी कारखान्यात आहेत.

आमच्या वॉर्डात पलंगांमधे आडोसा नव्हता. बाई आल्या तेव्हा त्यांनी पडदे मागितले, मिळतील असं उत्तर मिळालं, आणि असलं उत्तर मिळालं की काय समजायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. घरी त्यांच्या सासूबाईंची लुगडी ट्रंकेत पडून होती. ती त्यांनी आणली. नऊवारी लुगडं दोरीवर टाकून पलंगाभोवती घेतलं तर बरोब्बर तीन बाजूंनी फिरतं आणि पदर वर दुमडायला उरतो. एक हिरवं इरकली होतं, एक डाळिंबी, एक वांगी रंगाचं. "आज मेरा हरी वाली में है," असं एक म्हातारा शेतकरी मोठ्या ऐटीत सांगायचा. हयातभर सोवळ्यात वावरलेल्या त्या सासूबाईंना हे कळलं असतं तर काय झालं असतं, असं मी एकदा विचारलं.

"त्यांनी मला नवरा गेल्यावर स्वैपाकघराबाहेर बसवली होती," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, चला, आता तुम्ही पण या बाहेर." आणि जोराने हसल्या. त्या हसण्यात राग होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेवढंच त्यांनी आपल्याबद्दल सांगितलं. लवकर विधवा झाल्या, माहेरच्यांनी नर्सिंग शिकू दिलं, आणि शिकून त्यांनी हे असलं काम पत्करलं म्हणून मग माहेरचेही बोलेनासे झाले. झाशीत जुन्या मराठी घरांची संख्या ती किती. हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जाताना त्यांचं घर वाटेत पडलं तरी बायका पुढे निघून जात. यावर त्यांची तक्रार नव्हती. "मला फुरसत कुठे आहे," म्हणायच्या.

नखांचं मात्र वेड होतं. वॉर्डात शिरणाऱ्या प्रत्येकाची नखं त्या बघत, शाळेत बघतात तशी, हात पालथे करायला लावून. माझी आई दुसऱ्यांदा भेटायला आली तेव्हा तिचीही बघितली. आई चिडली. मला म्हणाली, "मी काय शाळेतली पोर आहे?" बाईंनी ते ऐकलं. त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं नख लागलं तर तुम्ही ओरडाल. ह्याला आतून चिरलं तरी हा पेपर वाचत पडेल. त्याला कळणार नाही, म्हणून आपल्याला कळलं पाहिजे." आईने त्याच दिवशी घरी जाऊन नखं कापली. पुढे महिनाभर ती येताना हात पुढे करूनच यायची.

एकदा वॉर्डाच्या पाहणीला कुणी मोठे अधिकारी आले होते. हार झाले, फोटो झाला. बाईंनी त्यांना सवयीने विचारलं, "साहब, पेट कैसा रहता है?" आमचे डॉक्टर पांढरेफटक पडले. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, बाईंना खिडकीपाशी बाजूला नेलं आणि इतका वेळ हलक्या आवाजात बोलत राहिले की त्यांचा चहा निवला. त्यानंतर आमच्या वॉर्डाला हातमोजे कधी कमी पडले नाहीत.

तर अशा ह्या बाई. आणि अशात बहिणीचं लग्न ठरलं.

मुलगा ग्वाल्हेरचा, घर जुनं मराठी, माणसं चांगली. वडील आमच्या लहानपणीच वारले होते. कन्यादान काका करणार होते. पण लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावाने, आणि नंतर नवऱ्या मुलाचा कान पिळायचा तोही भावानेच, म्हणजे बहिणीला नीट सांभाळ असं त्याला भरमांडवात बजावायचं. मी एकुलता भाऊ. आईने मला न दुखवता सुचवलं की चुलतभाऊ आहेच, तो करील. मी लगेच हो म्हटलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं. होमापाशी, ग्वाल्हेरच्या पाहुण्यांसमोर, चाकाच्या खुर्चीत मी बसलोय आणि तो वास सुटलाय, हे चित्र रोज डोळ्यांपुढे यायचं. बहिणीला सासरी जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं.

बहीण वॉर्डात आली. ती काही रडली नाही. म्हणाली, "दादा, तू नसशील तर लाह्या कुणीच घालायच्या नाहीत. मी रिकाम्या हातांनी होम करीन." आणि गेली.

हिरव्या लुगड्याच्या पलीकडे बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवायची त्यांना सवय नव्हती. पदर बाजूला करून म्हणाल्या, "मुहूर्त कितीचा?"

मी म्हटलं, "सकाळी अकराच्या पुढे."

"सकाळचा कामाचा नाही. तुझं काम सकाळी होतं. झाल्यावर काही तास भरवशाचे नसतात, मागचं रेंगाळलेलं येतं. गोरज घ्या म्हणावं."

आणि सुटी घेऊन त्या खरोखर आमच्या गुरुजींकडे गेल्या. गुरुजी पंचांगाचे पक्के. त्यांनी विचारलं, गोरज कशासाठी? बाईंनी जे कारण होतं तेच सांगितलं. लग्नाचा मुहूर्त कुणाच्या शौचावरून ठरवायची पाळी गुरुजींवर त्यापूर्वी आली नव्हती. त्यांनी आचमनाची पळी खाली ठेवली आणि सांगितलं की ग्रह कुणासाठी हलत नाहीत. बाई परत आल्या त्या जरा चिडूनच.

"मुहूर्त हलत नाही म्हणतात. ठीक आहे. आपण पोट हलवू."

पोट हलवणं म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. सकाळची वेळ बदलून संध्याकाळची करायची, म्हणजे आदल्या संध्याकाळी काम उरकेल आणि लग्नाचा सगळा दिवस मोकळा मिळेल. पण हे एका दिवसात होत नाही. "पोट म्हणजे सरकारी नोकर," बाई म्हणायच्या. "एकदम बदली केलीस तर संपावर जाईल." म्हणून लग्नाला दीड-दोन महिने असतानाच त्यांनी वेळ सरकवायला सुरुवात केली. हळूहळू, रोज एकाच वेळेला चिकटून. मधे दोनदा पोट खरंच संपावर गेलं. एकदा संध्याकाळचं काम झालं आणि सकाळीही जुन्या ओळखीने झालं, त्या दिवशी मी लग्नाचं नाव टाकलं. बाईंनी अंथरूण बदललं आणि औटकी सुरू केली. साडेतीनचा पाढा मला येत नसे, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. चिडलेल्या माणसाला अवघड पाढा द्यावा, म्हणजे त्याला रडायला जागा राहत नाही.

शेवटी पोट वळलं. संध्याकाळी चहा, मग काम, आणि मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत शांतता. असे सलग कितीतरी दिवस गेले. बाईंनी मला आरसा देऊन माझं काम माझ्या हातांनी करायलाही तेव्हाच शिकवलं. त्याच्या जोरावर मी पुढे निवृत्त होईपर्यंत कॉलेजात शिकवलं, खुर्चीत बसून, पूर्ण दिवस, आणि एकाही पोराला नाक मुरडायची संधी दिली नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी मला एकच दिवस हवा होता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात बाईंच्या देखरेखीखाली काम झालं, उत्तम झालं, आणि मला घरी पाठवलं. "उद्या सकाळी येते कपडे चढवायला," त्या म्हणाल्या. "आज हलकं जेव. उद्याचा दिवस तुझा. माझा शब्द."

सकाळी त्या आल्या तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. चादर खराब झालेली होती. बाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हे पोटाचं काम नाही. पोटात काहीतरी गेलंय. काय खाल्लंस?"

दारात आई उभी होती. तिच्या हातात हळदीची वाटी होती.

"जरासंच दिलं हो," आई म्हणाली. "सुंठीच्या काढ्यातून. एरंडेल. म्हटलं, लग्नाच्या दिवशी पोट अगदी साफ असावं. लहानपणी परीक्षेच्या आधी नेहमी द्यायची मी."

आमच्या घरी कुठल्याही शुभकार्याची सुरुवात एरंडेलानेच व्हायची. मॅट्रिकला मी पहिल्या वर्गात आलो, त्याचंही निम्मं श्रेय आई एरंडेलाला देत असे. पोटावर तिचा विश्वास नव्हता, एरंडेलावर होता. आणि ते प्यालेलं पोट आता दिवसभर कुणाचं ऐकणार नव्हतं. दोन महिन्यांची बदली एका चमच्यात रद्द झाली.

मला वाटलं बाई आता आईला फाडून खाणार. त्या जमिनीवर बसल्या. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते असं कधीतरीच. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे वहिनी. नखं बघितली, चहा बघितला, पथ्य सांगितलं. एरंडेलाचं सांगायचं राहिलं. मराठी घर आहे, मला सुचायला हवं होतं."

आईला रडू फुटलं. बाईंनी तिच्या हातातली वाटी काढून बाजूला ठेवली, आणि पाणी तापवायला सांगितलं, म्हणजे तिला करायला काहीतरी झालं. मग त्या माझ्याकडे वळल्या. धुतलं, पुसलं, जाड घड्यांचा लंगोट बांधला.

"मी येत नाही," मी म्हटलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"होता. आज परत घेते. आज काय होईल ते मी सांगू शकत नाही, खोटं बोलणार नाही." त्या माझ्या धोतराच्या निऱ्या करत होत्या. "पण एक सांग. बारात येते तेव्हा घोडा दारात काय करतो?"

मी पुन्हा भिंतीकडे तोंड वळवलं.

"करतो ना? आणि मग त्याला हरभरे चारतात, पाठीवर थोपटतात. घोड्याला चालतं आणि भावाला चालत नाही? जायचं की नाही ते तू ठरव. झालं तर काय करायचं ते मी ठरवते. मी मागेच आहे."

बाहेरून बहिणीचा आवाज आला, "दादा तयार झाला का?" तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी गेलो. धैर्य वगैरे काही नव्हतं. तिला 'नाही' असं ओरडून सांगायचं धैर्य नव्हतं, एवढंच.

सीपरी बाजाराजवळच्या एका धर्मशाळेत मांडव होता. बाई घरी जाऊन तयार होऊन आल्या त्या हिरवं इरकली नेसून. ते लुगडं कुठल्या कुठल्या पलंगाभोवती फिरलंय हे त्या मांडवात फक्त आम्हा घरच्यांनाच माहीत होतं. माझ्या खुर्चीमागे त्या उभ्या राहिल्या. मंगलाष्टकं झाली, कन्यादान झालं, सगळं ठीक चाललं होतं. लाजाहोम आला. चुलतभावाने लाह्यांचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. बहिणीने ओंजळ पुढे केली. पहिली ओंजळ मी भरली. अग्नीत लाह्या पडल्या, फेरा झाला. दुसरी भरली. फेरा झाला.

आणि तो वास आला. तुपाच्या आणि लाकडांच्या धुरातूनही आला. मला काही जाणवलं नव्हतं, नेहमीप्रमाणेच. पण पुढच्या रांगेतल्या ग्वाल्हेरच्या एका आत्याबाईंनी पदर नाकाला लावला, आणि मला सगळं समजलं. माझा हात सुपातल्या लाह्यांत होता तो तिथेच राहिला. गुरुजींचे मंत्र क्षणभर अडखळले. लोक कुजबुजू लागले. तेवढ्यात बाजूलाच चुलतवहिनीच्या मांडीवर तिचं पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं, ते बाईंनी झडप घालून उचललं.

"अगो बाई, ह्यानेच केलंन!"

चुलतवहिनी गडबडली. "नाही हो, आत्ताच तर लंगोट बदललाय."

"मला शिकवतेस? सगळा जन्म ह्यात गेला माझा. बघा, बघा कसा हसतोय लबाड, आत्याच्या कार्यात प्रसाद दिलान!"

बाळ हसत नव्हतं, झोपेतून उठवल्याबद्दल भोकाड पसरलं होतं. पण मांडव हसला. "अरे बच्चा है, जाने दो," कुणीतरी म्हणालं. त्या आत्याबाईंनी पदर खाली घेतला आणि बाळाचा गालगुच्चा घेतला. वास तोच होता, तिथेच होता, आणि आता त्याचं सगळ्यांना कौतुक वाटत होतं.

मी अजून बहिणीकडे बघितलं नव्हतं. तिने मान वर केली. मुंडावळ्यांच्या आडून ती सरळ माझ्याकडे बघत होती. वॉर्डात भेटायला येऊन येऊन ती शिकली होती. कुठलं काम बाळाचं आणि कुठलं दादाचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दादा, लाह्या घाल," ती म्हणाली. "हात अवघडले माझे."

मी तिसरी ओंजळ भरली. काठोकाठ भरली, दोन लाह्या तिच्या बांगड्यांत अडकल्या.

बाईंनी बाळ कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझी खुर्ची मागे ओढली. "चला मास्तर, ह्याला धुवायला पाणी कुठाय ते दाखवा." जाता जाता गुरुजींपाशी वाकून म्हणाल्या, "सप्तपदी नीट समजावून सांगा हं गुरुजी. ग्रह हलत नाहीत तर तुम्ही तरी कशाला घाई करता?" गुरुजींनी एकवार माझ्याकडे बघितलं. मग त्या गृहस्थांनी एकेका पावलाचा अर्थ आधी संस्कृतात, मग मराठीत, मग ग्वाल्हेरच्या पाहुण्यांसाठी हिंदीत सांगायला सुरुवात केली. मुलीकडचे गुरुजी फार विद्वान आहेत, असं वरपक्षात पुढे कितीतरी दिवस बोललं जात होतं.

मागच्या खोलीत बाईंनी दार लोटलं, बाळाला सतरंजीवर ठेवलं आणि मला धुवायला घेतलं. मी रडत होतो. "दिडकी म्हण," त्या म्हणाल्या. मला एक दिडं दीडच्या पुढे जाता येईना. तेव्हा त्यांनी स्वतःच म्हणायला सुरुवात केली, आणि बाहेर गुरुजी पावलं मोजत होते. मी म्हटलं, "बाई, मी तुमचे उपकार कसे..." त्या म्हणाल्या, "कूस बदल." मी कूस बदलली. एवढंच आमचं उपकारांचं बोलणं झालं. मला आभार मानता आले नाहीत ते तिथेच राहिले, म्हणून आज इतक्या वर्षांनी इथे मानतो आहे. माझ्या आईने मला जन्म दिला. त्या जन्माचा उपयोग करता येईल असं मला त्या बाईंनी केलं.

नवं धोतर नेसून मी परत मांडवात आलो तेव्हा सातवं पाऊल चाललं होतं. मग कान पिळायची वेळ आली. नवरा मुलगा माझ्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने डोकं पुढे केलं. मी कान धरला, अगदी हलक्या हाताने. मनात म्हटलं, ह्याला कळलं असेल का?

"दादा, इतना धीरे नहीं," तो हळूच म्हणाला. "नीट पिळा. लोक म्हणतील भाऊ रुसलाय."

मी असा पिळला की तो ओरडला, आणि सगळा मांडव हसला, बहीण सर्वांत मोठ्याने.

नंतर पानसुपारी चालली होती. विहीणबाई अत्तरदाणी घेऊन पाहुण्यांत फिरत होत्या. बाई कोपऱ्यात उभ्या राहून पदराला ओले हात पुसत होत्या. बाळ आता त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं. विहीणबाई त्यांच्यापाशी थांबल्या.

"मघापासून बघतेय, सगळी धावपळ तुमचीच चाललीय. आप नवरीच्या कोण?"

"नवरीची मी कुणी नाही हो," बाई म्हणाल्या. "मी भावाकडची."

लग्नात अशी एक बाजू असते, हे विहीणबाईंनी कधी ऐकलं नसावं. त्या जरा थांबल्या. मग त्यांनी बाईंचा हात हातात घेतला, उलटा केला आणि त्यावर अत्तर लावलं.